रायसेनचा किल्ला आणि दिलेला शब्द



आपल्या मिसरोदहून सुमारे ५० किलोमीटरवर रायसेनचा किल्ला आहे. महाराष्ट्रातून आलेल्यांना डोंगरी किल्ल्याचं अप्रूप नसतं, तरी हा एकदा पाहाच. डोंगराचा उभा कडा हीच निम्मी तटबंदी. शिवाय बुरूज आणि नऊ दरवाजे. पण खरं बळ पाण्याचं. पावसाचं पाणी वरच टाक्यांत आणि तलावांत साठे, म्हणून वेढा पडला तरी लोक तग धरत.

१५४३ साली शेरशाह सूरीने इथे कित्येक महिने वेढा दिला. अब्बास खान सरवानी लिहितो, छावणीतली पितळी भांडीकुंडी वितळवून त्याने तोफा ओतल्या. तरी शेवट तोफांनी झाला नाही. शेरशाहने अभय दिलं आणि राजा पूरणमल बायकामुलांसह खाली उतरला. मग शास्त्र जाणणाऱ्यांनी निर्णय दिला, की ही शपथ पाळायची गरज नाही. पहाटे हत्ती आणि सैन्याने तळ वेढला. पूरणमलाने पत्नी रत्नावलीचं शिर स्वतःच्या हाताने उतरवलं आणि तो लढत मेला. रस्ते आणि सराया बांधणारा शेरशाह तो हाच.

आपण बोट दाखवू नये. कॉन्स्टन्सच्या धर्मसभेला आलेल्या यान हुसजवळही राजाचं अभयपत्र होतं; १४१५ साली त्याला जाळलं.

यहोशवाचा नववा अध्याय काढा. गिबोनकरांनी तर फसवून शपथ मिळवली होती, तरी इस्राएलाच्या सरदारांनी ती मोडली नाही. पुढे सौलाने ती मोडली, आणि दाविदाच्या काळात तीन वर्षं दुष्काळ पडला.