वादसभेचें नियमन : महाड-पोलादपूर प्रांताच्या अनुषंगानें

वाद कोणी जिंकला हें सांगणारे कागद आपल्या संग्रहांत पुष्कळ आहेत. वाद कोणत्या अटींवर उभा राहिला, आधीं कोणीं बोलावें, मध्यस्थ कोणास मानावें आणि हरलेल्यानें हार कशी कबूल करावी, हें सांगणारे कागदही त्याच रुमालांत असतात. परंतु संशोधक बहुधा निकालाची ओळ व वतनदाराचें नांव टिपून घेतात आणि बाकीचा मजकूर 'नेहमींचा मायना' म्हणून सोडून देतात. ह्या सोडून दिलेल्या मजकुराकडे वाचकांचें लक्ष वेधावें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, सभेंतला वाद वक्त्यांच्या वाक्पटुत्वानें तडीस जात नाहीं. उभय पक्षांनीं आधीं पतकरलेला मध्यस्थ आणि त्या मध्यस्थानें बोलून दाखविलेलें कारण, ह्या दोहोंनींच तो तडीस जातो. महाडच्या आसपासच्या मुलखाशीं संबंध असलेलीं दोन प्रकरणें, एक १८५७ सालचें व दुसरें १९२७ पासून १९३७ पर्यंत चाललेलें, ह्या दृष्टीनें पाहण्याजोगीं आहेत.

ह्या विषयाकडे आम्ही वळलों तें एका अगदीं अर्वाचीन निमित्तानें. शाळकरी मुलांची एक आंतरराष्ट्रीय वादस्पर्धा १९८८ सालीं ऑस्ट्रेलियांत कॅनबरा येथें प्रथम भरली व तेव्हांपासून ती निरनिराळ्या देशांत भरत आली आहे. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें तिचे नियम आम्हांस वाचावयास दिले. प्रत्येक राष्ट्राचा एक संघ. सामन्यांत प्रत्येक बाजूचे तीन वक्ते. प्रत्येकास आठ मिनिटें. शेवटीं प्रत्येक पक्षाचें चार मिनिटांचें उपसंहाराचें भाषण, आणि तें पहिल्या किंवा दुसऱ्या वक्त्यानेंच करावयाचें. भाषणाचें पहिलें व शेवटचें मिनिट सोडून मधल्या काळांत प्रतिपक्षानें उभें राहून प्रश्न विचारण्याची परवानगी मागावी. ती देणें न देणें बोलणाऱ्याच्या हातीं. कांहीं विषय आधीं कळविलेले असतात, कांहीं अवघा एक तास आधीं हातीं पडतात. शंभरांतील चाळीस गुण मजकुरास, चाळीस शैलीस व वीस मांडणीच्या धोरणास. पंच विषम संख्येचे, आणि आपल्या राष्ट्राच्या सामन्यास पंचानें बसावयाचें नाहीं. हें वाचतां वाचतां आम्हांस न्यायसूत्रांचा पांचवा अध्याय आठवला. संस्कृत शिकलेल्या माणसाची ही खोड वाचकांनीं क्षम्य मानावी.

न्यायसूत्रकारांनीं कथेचे तीन प्रकार केले आहेत. तत्त्वनिर्णयासाठीं चालतो तो वाद. जिंकण्यासाठीं छल, जाति इत्यादिकांचाही आश्रय करतो तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडतां दुसऱ्याचा मोडणें एवढेंच जींत असतें ती वितंडा. पांचव्या अध्यायाच्या दुसऱ्या आह्निकांत बावीस निग्रहस्थानें, म्हणजे जेथें पोचतांच बोलणारा हरला असें समजावयाचें तीं स्थळें, सांगितलीं आहेत. तीं वाचतांना एखाद्या अनुभवी पंचाची टिपणवही हातीं लागल्यासारखें वाटतें. एक प्रतिज्ञा करून ती अडचणींत येतांच दुसरी पुढें करणें हें प्रतिज्ञांतर. प्रतिपक्षाचें म्हणणें तीनदां बोललें गेलें, सभेस तें समजलें, तरी त्याचा अनुवाद करतां न येणें हें अननुभाषण. मला काम आहे अशी सबब सांगून उठून जाणें हा विक्षेप. ह्यांत एक स्थान फार मार्मिक आहे. प्रतिपक्षी निग्रहांत सांपडला असतां तें न ओळखतां पुढें जाणें, ह्यास पर्यनुयोज्योपेक्षण असें भारदस्त नांव आहे. आतां हा दोष दाखवावा कोणीं? ज्याची चूक सुटून गेली तो ती बोलून दाखविणार नाहीं, आणि ज्याच्या नजरेंतून सुटली त्यास ती ठाऊकच नाहीं. वात्स्यायनभाष्यांत उत्तर असें आहे कीं, पराजय कोणाचा असें विचारलें असतां परिषदेनें तो सांगावा. दोन वादी एकमेकांस हरवूं शकत नाहींत, तिसरा लागतो, ही गोष्ट आपल्या शास्त्रकारांनीं इतक्या बारकाईनें ओळखलेली होती.

चरकसंहितेच्या विमानस्थानांतील आठवा अध्याय ह्याहून व्यवहारी आहे. तेथें वैद्यांच्या सभेचा विचार आहे. परिषद् ज्ञानवती कीं मूढ, ती स्नेही, उदासीन कीं आपणांवर रुसलेली, हें आधीं पाहावें; आणि वादास तोंड लागण्यापूर्वीं वादमर्यादा ठरवून घ्यावी, म्हणजे काय बोलावें, काय बोलूं नये व काय घडलें असतां हार झाली असें मानावें हें निश्चित करावें. मात्र त्याच ठिकाणीं परिषदेशीं आधींच संधान बांधून आपणांस सोयीचा विषय तिच्याच मुखांतून काढवून घ्यावा असाही उपदेश आहे. वादी म्हणून हें शहाणपण असेल. सभेच्या दृष्टीनें ती कीड होय. स्वराष्ट्राच्या सामन्यास पंचानें बसूं नये हा परदेशचा नियम नेमका ह्याच किडीवरचा उपाय आहे.

मध्येंच प्रश्न विचारण्याच्या नियमावरून पोलादपूरचें स्मरण होतें. तेथें कवींद्र परमानंदाची समाधि दाखवितात. त्याचें श्रीशिवभारत सदाशिव महादेव दिवेकर यांनीं संपादिलें व भारत इतिहास संशोधक मंडळानें १९२७ सालीं प्रसिद्ध केलें, हें ह्या पृष्ठांच्या वाचकांस सांगावयास नको. त्या काव्याची घडण पाहा: काशींतील पंडित विचारतात आणि कवि सांगतो; मधूनमधून पंडितांचा नवा प्रश्न येतो आणि कथेस वळण लागतें. ती वादसभा नव्हे, हें खरें. तथापि ऐकणारानें विचारल्यावांचून बोलणाराचें बोलणें पुरें होत नाहीं ही समजूत त्या घडणींत आहे. असो.

मराठेशाहींतील निवाड्यांची पद्धति ह्या सर्वांपेक्षां आपणांस जवळची. वतनाच्या तंट्यांत प्रथम फिर्याद मांडणारा तो अग्रवादी व उत्तर देणारा तो पश्चिमवादी. दोघांकडून प्रथम राजीनामा लिहून घेत, म्हणजे अमुक सभा जो निवाडा करील तो आम्हांस मान्य आहे असें कबूलपत्र. त्यावर जामीन घेत. नंतर दोघांच्या तकरीरा, मग साक्षी-पुरावा, आणि गोतानें बसून केलेला महजर. स्थानिक गोत एका पक्षाकडे ओढतें असा संशय आल्यास दुसरें थळ मागतां येई. जिंकणाऱ्यानें सरकारांत हरकी द्यावी, हरणाऱ्यानें गुन्हेगारी द्यावी; आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे हरलेल्यानें स्वतःच्या नांवें येजितखत लिहून द्यावें कीं, माझा दावा खोटा ठरला, पुढें ह्याविषयीं बोलणार नाहीं. आजच्या भाषेंत राजीनामा म्हणजे जागा सोडल्याचा कागद. त्या काळीं तो जागेवर बसल्याचा, निर्णय ऐकण्यास बांधून घेतल्याचा कागद होता. शब्दाचा अर्थ असा उलटावा ही मौजेची गोष्ट आहे. जागतिक स्पर्धेच्या नियमांत राजीनाम्याचें काम संघाच्या प्रवेशपत्रानें होतें, थळाचें काम तटस्थ पंचानें होतें. येजितखताच्या तोडीचें मात्र तेथें कांहीं दिसत नाहीं. हरलेला संघ टाळ्या वाजवितो व घरीं जातो.

आतां १८५७ सालचें प्रकरण. विष्णु भिकाजी गोखले, म्हणजेच विष्णुबावा ब्रह्मचारी, यांचा जन्म १८२५ सालीं निजामपूर महालांतील शिरवली येथें झाला. हा मुलूख महाडच्या उत्तरेस, आजच्या रायगड जिल्ह्यांत येतो. १५ जानेवारी १८५७ पासून २८ मे १८५७ पर्यंत मुंबईस समुद्रकिनाऱ्यावर त्यांचे ख्रिस्ती मिशनऱ्यांशीं जाहीर वाद चालले. समोर मुख्यतः जॉर्ज बोवेन हे अमेरिकन मिशनरी होते. मराठी माणसानें परराष्ट्रीयांशीं उघड्या सभेंत, ओळीनें साडेचार महिने, मराठींत वाद करावा ही गोष्ट आजच्या कोणत्याही आंतरराष्ट्रीय स्पर्धेहून लहान नव्हे. तत्पूर्वीं १८३१ सालीं स्कॉटलंडचे जॉन विल्सन यांच्याशीं मोरभट दांडेकर यांचा वाद झाला होता. परंतु तो लवकरच पुस्तकी झाला. दांडेकरांनीं 'हिंदुधर्मस्थापना' लिहिली व विल्सन यांनीं १८३२ सालीं तिला इंग्रजींत उत्तर छापलें. विष्णुबावांनीं वाद पुन्हां वाळूवर, लोकांसमोर आणला.

ह्या वादाचा निकाल काय लागला? १८५७ सालींच बोवेन यांनीं त्याचा इंग्रजी वृत्तांत प्रसिद्ध केला. १८ फेब्रुवारी १८७१ रोजीं बावांचें देहावसान झालें, आणि १८७२ सालीं 'समुद्रकिनारीचा वादविवाद' हें मराठी पुस्तक निघालें. दोन्ही पक्षांचे ग्रंथ निघाले, जयपत्र कोणाचेंच निघालें नाहीं. ह्यांत वाद्यांचा बुद्धिदोष नाहीं. एकाचें शब्दप्रमाण वेद, दुसऱ्याचें बायबल. दोहोंस मान्य असें प्रमाण नाहीं, आणि दोहोंस मान्य असा मध्यस्थही नाहीं. श्रोते होते, ते जमावाच्या रूपानें. चरकाच्या भाषेंत ती परिषद् ज्ञानवती कीं मूढ हें ठरविण्याची सोय नव्हती. बावांच्या तेजस्वी वाणीचें कौतुक करणाऱ्या चरित्रकारांनीं ही बाजू पाहिलेली नाहीं असें आम्हांस वाटतें. न्यायशास्त्राच्या मापानें तो वाद जल्पांत गेला, आणि तो तेथें जाणें अपरिहार्य होतें.

दुसरें प्रकरण ह्याच्या अगदीं उलट टोंकाचें. १९२३ सालीं मुंबई कायदेमंडळांत सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठ्यांविषयींचा ठराव मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेनें १९२४ च्या जानेवारींत चवदार तळें सर्वांस खुलें असल्याचा ठराव केला. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. भीमराव आंबेडकर व परिषदेस जमलेले लोक तळ्यावर जाऊन पाणी प्याले. पुढें ऑगस्ट १९२७ मध्यें नगरपालिकेनें आपला ठराव मागें घेतला. आपला पक्ष अंगावर येतांच मीं तो मांडलाच नव्हता म्हणणें ह्यास न्यायसूत्रांत प्रतिज्ञासंन्यास म्हणतात व तें निग्रहस्थान आहे. नगरपालिकेनें केलें तें ह्याहून फारसें निराळें नव्हतें.

डिसेंबरांत पुन्हां परिषद् भरावयाची होती, तोंच प्रतिपक्षानें महाडच्या न्यायालयांत दावा लावला व १४ डिसेंबर १९२७ रोजीं तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. २५ डिसेंबरास परिषद् भरली. मनुस्मृतीच्या दहनामुळें तो दिवस सर्वांस ठाऊक आहे. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीनें त्यापुढचे दोन दिवस अधिक महत्त्वाचे. हजारों लोक तळ्याचें पाणी घेण्याच्या निश्चयानें आलेले, आणि समोर मनाईहुकूम. सत्याग्रह आतांच करावा कीं न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत थांबावें, ह्यावर परिषदेंत विचार होऊन अखेर तो तहकूब करण्याचें ठरलें, आणि लोकांनीं २७ डिसेंबरास पाण्यास हात न लावतां तळ्याभोंवतीं मिरवणूक काढली. ज्यांस गांवच्या सभेंत बसावयास जागा नव्हती त्यांनीं मध्यस्थाचा अधिकार मान्य केला. जुन्या परिभाषेंत सांगावयाचें तर त्यांनीं राजीनामा लिहून दिला, तोही थळ निवडण्याची मुभा नसतां.

मग दहा वर्षें वाद शास्त्रोक्त चालला. वाद्यांची प्रतिज्ञा अशी कीं, अस्पृश्यांनीं तळें न वापरण्याची वहिवाट अनादि आहे. ती सिद्ध करण्याचा भार त्यांचा. महाडच्या न्यायालयाचा निकाल १९३१ सालीं, ठाण्याचा १९३३ सालीं आणि मुंबई उच्च न्यायालयाचा १७ मार्च १९३७ रोजीं, तिन्ही वाद्यांविरुद्ध गेले. उच्च न्यायालयांत न्यायमूर्ति ब्रूमफील्ड यांचा निर्णय असा कीं, वाद्यांनीं सांगितलेली अनादि वहिवाट शाबीत झालेली नाहीं. येथें कोणाच्या वक्तृत्वाची वाखाणणी नाहीं; हेतु पुरा पडला नाहीं एवढेंच कारण देऊन मध्यस्थ मोकळा झाला. महजराच्या अखेरीस बलुतेदारांच्या निशाण्यांत महाराची निशाणी असते, शिवेच्या तंट्यांत त्याची साक्ष मोलाची मानीत, हें दप्तरें चाळणारांस माहीत आहे. त्याच समाजास पाण्याच्या प्रश्नावर बोलण्यासाठीं १९२७ साल उजाडावें लागलें, ही जुन्या गोतसभेच्या नियमांतील उणीव आम्ही झांकून ठेवूं इच्छित नाहीं.

शाळांच्या स्पर्धांविषयीं दोन शब्द. जागतिक स्पर्धेंत बाजू वाटून दिली जाते. मुलाचें स्वतःचें मत काय हें कोणी विचारीत नाहीं. पुष्कळ वडीलधाऱ्यांस ह्यांत खोटेपणाचें शिक्षण दिसतें. आम्हांस तसें वाटत नाहीं. पाठशाळेंतील विद्यार्थी पूर्वपक्ष मांडतो तेव्हां तो त्याचा नसतो. तो इतका चोख मांडावा लागतो कीं, खुद्द पूर्वपक्ष्यानें ऐकून मान डोलवावी. दोष बाजू वाटण्यांत नाहीं, तो निकालाच्या रीतींत शिरतो. आमच्याकडील कित्येक वक्तृत्वस्पर्धांत परीक्षक तीन क्रमांक वाचून दाखवितात, ढाली दिल्या जातात आणि सभा उठते. कोण कां हरला हें हरलेल्या मुलास अखेरपर्यंत कळत नाहीं. पर्यनुयोज्योपेक्षण कोणाचें झालें हें परिषदेनें सांगावयाचें असतें, आणि येथें परिषद्‍च मुकी. पारितोषिकें कमी केलीं तरी चालेल. परीक्षकांपैकीं एकानें उभें राहून पांच मिनिटें कारणें सांगावींत, हा नियम कोणत्याही तालुक्याच्या शाळेस विनाखर्च करतां येण्याजोगा आहे.

संग्राहकांस एक विनंति. महाड, बिरवाडी व पोलादपूर ह्या बाजूच्या घराण्यांतील रुमालांत महजर किंवा येजितखत आढळल्यास त्यासोबतचा राजीनामा व तकरीरा वेगळ्या काढून फेंकूं नयेत. राजीनाम्याची तारीख तकरीरांच्या आधींची आहे कीं मागाहून घातलेली आहे, जामीन कोण राहिला, आणि थळ बदलून मागितलें होतें काय, एवढ्या तीन गोष्टी नकलेच्या माथ्यावर लिहून ठेवाव्या. येजितखताच्या पाठीवर कित्येकदां हरकी व गुन्हेगारी यांचे आंकडे निराळ्या हातानें लिहिलेले असतात; तेही उतरून घ्यावेत.