‘मर्यादित’ या शब्दाची कहाणी

कंपनीच्या पाटीवर नावाच्या शेवटी ‘लिमिटेड’ किंवा ‘मर्यादित’ हा शब्द असतो. पुष्कळांना तो प्रतिष्ठेचा वाटतो. वस्तुतः तो धनकोला दिलेला इशारा आहे. ‘ही संस्था बुडाली, तर कर्जाची वसुली तिच्या मालमत्तेतून होईल, भागधारकांच्या घरादारावर तुमचा हक्क नाही,’ असे तो सांगतो.

पूर्वी भागीदारीच्या पेढीचे दिवाळे निघाले की भागीदाराचे घरही जप्तीत जाई. रेल्वे आणि गिरण्या यांना मात्र हजारो लोकांचे भांडवल हवे होते. आणि अपरिचितांच्या चुकीसाठी सर्वस्व पणाला कोण लावणार? म्हणून इंग्लंडने १८५५ साली मर्यादित जबाबदारीचे तत्त्व कायद्याने सर्वसाधारण कंपन्यांना खुले केले. हिंदुस्थानात कंपन्यांच्या नोंदणीचा कायदा १८५० मध्ये झाला होता; पण ही सवलत आली १८५७ मध्ये. बँकांना ती १८६० मध्ये मिळाली.

सवलतीची परीक्षा मुंबईत लवकरच झाली. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस लँकेशायरला मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले. तो पैसा नव्या कंपन्यांत ओतला गेला. बॅक बेचा समुद्र हटवून जमीन काढण्यासाठी निघालेल्या कंपनीच्या भागांवर तर अक्षरशः उड्या पडल्या. १८६५ च्या वसंतात युद्ध संपले आणि कापूस कोसळला. १ जुलै १८६५ ही अनेक वायद्यांची मुदत होती. त्या दिवशी पैसे चुकविणे कित्येकांना अशक्य झाले. भागांच्या तारणावर कर्जे देणारी बॉम्बे बँकही १८६८ मध्ये गुंडाळावी लागली.

जबाबदारी मर्यादित असूनही लोक का बुडाले? पुष्कळ भागांची पूर्ण रक्कम भरलेली नव्हती. उरलेली मागताच देणे भाग होते. आणि वायद्याच्या व्यवहारातील देण्याला तर त्या मर्यादेचे संरक्षण नव्हतेच. जबाबदारीला मर्यादा होती, लोभाला नव्हती.

पुढचे १८६६, १८८२, १९१३, १९५६ व २०१३ चे कंपनी कायदे पाहिले, तर सवलतीच्या मोबदल्यात उघडेपणाची मागणी कशी वाढत गेली, हे ध्यानात येते. सार्वजनिक कंपनीस आज किमान सात सभासद व तीन संचालक लागतात. तिचे उद्देश व नियम निबंधकाकडे नोंदवावे लागतात. जनतेकडून भांडवल मागताना माहितीपत्रकात जोखमीसह सर्व काही सांगावे लागते. त्यातील खोटेपणाबद्दल शिक्षा आहे. दरवर्षी तपासलेले हिशेब सभेपुढे ठेवावे लागतात. भागबाजारात नोंदलेल्या कंपनीवर ‘सेबी’ची देखरेख असते, आणि तिचे सर्वसाधारणपणे निदान पंचवीस टक्के भाग जनतेच्या हाती असावे लागतात.

या विश्वासाचे फळही मोठे आहे. १९०७ मध्ये टाटांच्या पोलाद कंपनीचे भाग मुंबईत विक्रीस निघाले, तेव्हा सुमारे आठ हजार हिंदी लोकांनी तीन आठवड्यांत ते भांडवल उभे केले. त्यांतील बहुतेकांनी साकची हे गाव कधी पाहिलेही नसेल. आपण किती गमावू शकतो, हे ठाऊक होते. म्हणूनच त्यांना धाडस करता आले.

नुकसानीला मर्यादा समाजाने घालून दिली आहे. हिशेबाचा उघडेपणा हे तिचे मोल आहे. आणि ते चुकते होते की नाही, हे पाहण्याचा अधिकार एका भागाच्या धन्यालाही आहे.