नीवाराचे ऋण

कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतला’त दुष्यंताला तपोवन जवळ आल्याची खूण पटते, ती झाडांखाली सांडलेल्या नीवाराच्या दाण्यांवरून. पोपटांच्या ढोलीतून गळलेले हे दाणे न पेरता उगवणाऱ्या रानभाताचे होते. 1965 साली एस. डी. शर्मा आणि एस. व्ही. एस. शास्त्री या भारतीय शास्त्रज्ञांनी एका वर्षायू रानभाताचे स्वतंत्र जाती म्हणून वर्णन केले, तेव्हा त्यांनी हाच शब्द शास्त्रीय नावात आणला: ओरायझा निवारा. तळ्यांच्या काठी आणि रस्त्याकडेच्या चरांत वाढणारी ही वनस्पती. दाणा पिकताच गळतो, त्यामुळे कापणीला ती निरुपयोगी. शेतात शिरली तर तण.

याच सुमारास आशियातील भातशेती वेगाने बदलत होती. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने 1966 मध्ये आयआर-8 हे बुटके, भरघोस उत्पन्नाचे वाण प्रसृत केले. विस्तीर्ण क्षेत्रावर एकसारखी पिके उभी राहू लागली आणि पाठोपाठ तपकिरी तुडतुडे बळावले. त्यांच्यामार्फत पसरणाऱ्या ‘ग्रासी स्टंट’ या विषाणुजन्य रोगाने रोपे खुरटत, गवतासारखी झुपकेदार होत आणि लोंब्या जवळजवळ धरतच नसत. प्रतिकारक्षम भाताच्या शोधात संस्थेने लागवडीच्या आणि रानटी भाताचे 6,000हून अधिक नमुने तपासले. परिणामकारक प्रतिकारशक्ती आढळली ती केवळ एका नमुन्यात. तो होता उत्तर प्रदेशातून गोळा केलेला ओरायझा निवारा.

त्या नमुन्यातील प्रतिकारशक्ती एकाच प्रभावी जनुकावर अवलंबून होती. वारंवार संकर करून ते जनुक लागवडीच्या भातात आणता आले आणि 1974 पासून प्रतिकारक्षम वाणे शेतात पोहोचली. पंजाबात जन्मलेले गुरदेवसिंग खुश यांच्या नेतृत्वाखाली घडलेले आयआर-36 हे वाण 1976 मध्ये आले. 1980च्या दशकात ते सुमारे 1 कोटी 10 लाख हेक्टरांवर घेतले जात होते. त्याच्या वंशावळीत हे तण आहे.

भारतातील शास्त्रज्ञांना रानटी आप्तांचे मोल याआधीच उमगले होते. 1912 साली कोइंबतूर येथे ऊस पैदास केंद्र सुरू झाले. तेथे सी. ए. बार्बर आणि टी. एस. वेंकटरामन यांनी जाड, रसाळ ऊस आणि सॅकॅरम स्पॉन्टेनियम हे रानगवत यांचा संकर साधला. उत्तर भारतात कांस आणि बंगालमध्ये काश म्हणतात, तेच हे गवत. त्यातून निघालेले को-205 हे वाण 1918 मध्ये पंजाबातील शेतकऱ्यांपर्यंत गेले. गोडवा उसाचा आणि काटकपणा गवताचा, अशी ती विभागणी होती. पुढे याच केंद्रात जानकी अम्माळ यांनी ऊस आणि त्याच्या आप्तांच्या गुणसूत्रांचा अभ्यास केला. सी. डी. डार्लिंग्टन यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला लागवडीच्या वनस्पतींचा गुणसूत्रकोश 1945 मध्ये प्रसिद्ध झाला.

हे गुण रानातच का सापडतात? माणसाने हजारो वर्षे न गळणारा दाणा, एकाच वेळी पिकणारी लोंबी, मोठे फळ यांची निवड केली. त्या निवडीत मोजकीच झाडे पुढच्या पिढीत गेली आणि उरलेली विविधता मागे राहिली. रानातील आप्त मात्र रोग, कीड आणि अवर्षण यांच्याशी झुंजत राहिले.

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे एक फरक विशेष जाणवतो. विश्वातील सर्व इलेक्ट्रॉन एकसारखे असतात. एक निसटला तरी प्रयोगाचे काही बिघडत नाही. भाताच्या 6,000हून अधिक नमुन्यांपैकी तो एक नमुना हरवला असता, तर दुसरा कोणताही त्याच्या जागी चालला नसता. शिवाय तो जेव्हा पाकिटात भरला गेला, तेव्हा त्याचा उपयोग कोणालाही ठाऊक नव्हता. उपयोग सिद्ध झाल्यावर जतन करू, हे धोरण म्हणूनच येथे निष्फळ ठरते.

भारतात ही जबाबदारी मुख्यतः दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे आहे. 1976 साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या जनुकपेढीत वाळवलेले बियाणे उणे 18 अंश सेल्सिअसला ठेवले जाते. प्रत्येक नमुन्यासोबत तो कोठे, केव्हा आणि कशा अधिवासात मिळाला याची नोंद असते. ही नोंद नसेल, तर पुन्हा त्या ठिकाणी जाऊन शोध घेण्याची वाट बंद होते. परंतु आंब्यासारख्या झाडांचे बी असे वाळवून गोठवता येत नाही. आणि गोठलेले बी नव्या रोगाशी जुळवून घेण्यास शिकत नाही. त्यासाठी मूळ अधिवासच राखावा लागतो. मेघालयातील गारो टेकड्यांवर, नोकरेकच्या परिसरात रानसंत्र्यासाठी राखलेले अभयारण्य हे त्याचे उदाहरण.

नीवाराला मात्र असे घनदाट जंगल नाही. तो गावतळ्याच्या काठी वाढतो. तळे बुजवले, चर काँक्रीटचा झाला की ती वसाहत संपते. शेजारच्या शेतातील भाताशी संकर होत राहिला तर तिचे वेगळेपणही पुसट होत जाते. या नाशाची वार्ता होत नाही, कारण तेथे काय होते हे कोणी लिहूनच ठेवलेले नसते. वनस्पतिशास्त्राच्या सहलीत एखादे रानभाताचे रोप दिसले, तर त्याचे स्थळ, तारीख आणि आसपासची जमीन एवढे तरी टिपून ठेवावे. उत्तर प्रदेशातील त्या नमुन्याचा प्रवासही अशाच एका नोंदीने सुरू झाला होता.