शंख कोणत्या हातात?

जालना जिल्ह्यातल्या कोणत्याही जुन्या गावात जा. वेशीजवळ, पारावर किंवा महादेवाच्या देवळामागे एखादा कोरीव दगड हमखास भेटतो. शेंदराचे थर इतके चढलेले, की नाकडोळे बुजून गेलेले असतात. कोणी त्याला म्हसोबा म्हणते, कोणी सटवाई, कोणी नुसतेच ‘देव’. एखादा जाणकार ‘हेमाडपंती आहे’ असे सांगतो आणि शोध तिथेच थांबतो. वास्तविक तो तिथून सुरू व्हायला हवा.

‘दगड किती जुना?’ हा प्रश्न सगळे आधी विचारतात आणि नेमका तोच फारसा कामाचा नाही. आपल्याकडचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. तो साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा आहे. आपल्याला हवे असते ते छिन्नीच्या घावाचे वय आणि ते कळते कोरीव कामाच्या मांडणीवरून. काही दगड या बाबतीत सरळ बोलतात. खाली लढाई, मधे वीराला वर नेणाऱ्या अप्सरा आणि सर्वांत वर शिवलिंगाची पूजा असे कप्पे असतील, तर तो वीरगळ. कोपरात वाकवलेला, बांगड्या ल्यालेला एकच हात उभा असेल, तर सतीशिळा. वर चंद्रसूर्य, मधे दानाचा लेख आणि खाली गाढवाचे शिल्प असेल, तर दान मोडणाऱ्याला शाप देणारा गधेगाळ.

अवघड असते ती एकटी मूर्ती. ती ओळखावी कशी, याचा उत्तम धडा आपल्याच जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यातल्या अन्वा या गावी आहे.

अन्व्याचे मंदिर बाराव्या शतकाच्या सुमाराचे. गाभाऱ्यात आज शिवलिंग आहे, म्हणून गावाच्या लेखी हे महादेवाचे देऊळ. पण प्रदक्षिणा घालताना बाहेरच्या भिंतींकडे लक्ष गेले, की माणूस बुचकळ्यात पडतो. तिथे स्त्रीमूर्ती आहेत, त्यांना चार हात आहेत आणि त्या हातांत शंख, चक्र, गदा आणि पद्म आहे. विष्णूची आयुधे धारण करणाऱ्या या बाया कोण?

पहिला तर्क सुरसुंदरींचा. पण आरसा पाहणारी, पैंजण बांधणारी सुरसुंदरी दोन हातांची असते. दुसरा तर्क लक्ष्मीचा. लक्ष्मीच्या हाती कमळे दिसतात, पुष्कळदा शेजारी हत्ती असतात. इथे तसे नाही. तिसरा तर्क मातृकांमधल्या वैष्णवीचा. ती इतर मातृकांच्या रांगेत एकदा येते आणि तिचे वाहन गरुड असते. इथे मात्र त्याच चार वस्तू घेतलेली स्त्री पुन्हा पुन्हा येते. बदलतो तो फक्त वस्तूंचा क्रम. कोड्याची किल्ली या क्रमातच आहे.

चार वस्तू चार हातांत ठेवण्याच्या रीती किती? चार गुणिले तीन गुणिले दोन, म्हणजे चोवीस. संध्येत केशव, नारायण, माधव, गोविंद अशी विष्णूची जी नावे घेतली जातात, तीही चोवीसच. अग्निपुराणासारख्या ग्रंथांनी प्रत्येक नावाला आयुधांचा एकेक क्रम नेमून दिला आहे. मूर्तीच्या उजव्या खालच्या हातापासून सुरुवात करायची, तिथून उजवा वरचा, मग डावा वरचा आणि शेवटी डावा खालचा हात. या क्रमाने पद्म, शंख, चक्र, गदा आली तर तो केशव. शंख, पद्म, गदा, चक्र आले तर नारायण. प्रत्येक रूपाची एक शक्तीही सांगितलेली आहे: केशवाची कीर्ती, नारायणाची कांती, माधवाची तुष्टी, गोविंदाची पुष्टी. अन्व्याच्या भिंतीवरच्या या स्त्रिया विष्णूच्या अशा शक्ती आहेत.

या वाचनात एक चूक फार सहज होते. उजवा हात मूर्तीचा धरायचा, पाहणाऱ्याचा नव्हे. समोर उभे राहून आपल्या उजवीकडून मोजायला लागलो, की केशवाचा भलताच कोणी होतो. छायाचित्र उलटे छापले गेले तरी तेच. शिवाय निरनिराळ्या ग्रंथांच्या याद्या काही रूपांबाबत जुळत नाहीत. म्हणून नाव सांगताना कोणत्या ग्रंथाचा आधार घेतला, हेही सांगितले पाहिजे.

भग्न मूर्तीसाठी हीच रीत वरदान ठरते. एक हात तुटला, तरी उरलेल्या तीन हातांवरून चौथ्यातली वस्तू निश्चित होते. दोन तुटले, तर दोन शक्यता राहतात. तीन तुटले, तर सहा. दगडाचा एकेक टवका उडतो, तेव्हा नेमके काय हरवते, याचा याहून स्वच्छ हिशोब क्वचितच मिळेल. शेंदराचा किंवा ऑइलपेंटचा थर तर एकही हात न तोडता चारही हात पुसून टाकतो.

भिंतीवर विष्णूच्या शक्ती असतील, तर मूळ मंदिरही विष्णूचे असले पाहिजे, हा निष्कर्ष त्यामुळेच निघतो. गाभाऱ्यात बदल केव्हा आणि का झाला, हे मात्र त्या मूर्ती सांगत नाहीत. भिंत जेवढे बोलते, तेवढेच आपण बोलावे.

आता ‘हेमाडपंती’ या शब्दाकडे येऊ. हेमाद्री हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. त्याचा काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. अन्व्याचे मंदिर त्याच्या बरेच आधीचे. चुन्याशिवाय दगडात दगड बसवण्याची पद्धत त्याच्या पूर्वीपासून चालत आली होती. गंमत अशी, की हेमाद्रीच्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’त देवतामूर्तींची वर्णने आहेत. त्याने मूर्ती ओळखायची साधने जमवून ठेवली आणि आपण त्याचे नाव घेऊन ओळखण्याचे काम टाळतो.

मूर्तीच्या हातांइतकीच महत्त्वाची असते तिची जागा. अन्व्याहून जवळच असलेले भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला देणग्या देणाऱ्यांत भोगवर्धनची माणसे होती आणि तशी नोंद तिथल्या दगडांवर आहे. अक्षरे होती, म्हणून शेकडो मैलांवरच्या त्या दगडांना आपले गाव सांगता आले. मुक्या वस्तूला ती सोय नसते. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी भोकरदनला उत्खनन केले, तेव्हा हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक तुकडा मिळाला. १९३८ साली इटलीत पाँपेई येथे सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी त्याचे साम्य अभ्यासकांना जाणवले. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. एवढ्याशा तुकड्याला या तुलनेत वजन आले, कारण तो कोणत्या गावाच्या कोणत्या थरातून निघाला हे नोंदलेले होते. तोच एखाद्याच्या कपाटात मिळाला असता, तर ती एक सुंदर वस्तू ठरली असती, पुरावा नव्हे.

म्हणून नांगराच्या फाळाला किंवा विहीर खोदताना कोरीव दगड लागला, तर तो उचलण्याआधी आहे तिथेच, आहे तसाच त्याचे छायाचित्र घ्यावे. शेजारी मोजपट्टी ठेवावी, चारही बाजू टिपाव्यात, गट क्रमांक आणि खोली लिहून ठेवावी. ब्रशने घासू नये, रंग देऊ नये. जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा अधिक मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे. दहा रुपयांचा आकडा आज हास्यास्पद वाटेल, पण त्यामागचा हेतू जुना झालेला नाही.

पारावरच्या देवाला गावाने म्हसोबा म्हटले, तर म्हणू द्यावे. श्रद्धेचे नाव आणि इतिहासाचे नाव एकाच दगडावर नांदू शकते. फक्त पुढच्या वेळी शेंदराची वाटी हाती घेण्याआधी कोणीतरी त्या मूर्तीचे हात पाहावेत आणि शंख कोणत्या हातात आहे, तेवढे लिहून ठेवावे.