लाल, नारिंगी, हिरवा : कारखान्यांच्या रंगांची कुळकथा

कारखाना काढायचा म्हटला की प्रदूषण नियंत्रण मंडळ आधी त्याचा रंग ठरवते. रंगद्रव्ये, कीटकनाशके, औषधांचा कच्चा माल बनवणारा असेल तर लाल. त्याखाली नारिंगी, मग हिरवा. बोईसरच्या एमआयडीसीत हे रंग कोणाला समजावून सांगावे लागत नाहीत. ते आले मात्र हिमालयाच्या पायथ्याहून.

डेहराडूनच्या दून खोऱ्यात चुनखडीच्या खाणींनी डोंगर सोलून काढले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १ फेब्रुवारी १९८९ रोजी केंद्र सरकारने त्या खोऱ्यासाठी अधिसूचना काढली, तीत उद्योगांना प्रथम हे रंग मिळाले.

दोनच वर्षांनी रंग डहाणूत उतरले. चिकूच्या वाड्या, वारल्यांचे पाडे आणि खाडीकाठची मासेमारी यांच्या शेजारी ५०० मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र येऊ घातले होते. स्थानिकांनी न्यायालयात दाद मागितली, पण वीजकेंद्र थांबले नाही. तरी २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला आणि लाल उद्योगांना तिथे दार बंद झाले. तालुक्याभोवतीचा २५ किलोमीटरचा पट्टाही उद्योगमुक्त ठेवावा, असे तिच्यात होते. अंमलबजावणी रेंगाळली. अखेर सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र प्राधिकरण नेमले गेले. या प्राधिकरणाने वीजकेंद्राला धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवायला लावली. कागदावरचा रंग राबवायला कोणीतरी ठाम माणूस बसलेला असला की काय होऊ शकते, त्याचा हा पुरावा आहे.

बोईसर-तारापूर त्याच २५ किलोमीटरांच्या आत येते. पण तिथली वसाहत अधिसूचनेच्या कितीतरी आधीची. कारखान्याला रंग देता येतो, त्याच्या सांडपाण्याला हद्द घालता येत नाही. नवापूर, मुरबे, सातपाटीच्या मच्छीमारांनी ते पाणी खाडीत सोसले. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला त्यासाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात जावे लागले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांनी देशात सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरले.

दरम्यान रंगांचे गणित बारीक होत गेले. २०१६ मध्ये गुणांची पट्टी आली: ६० व त्यावर लाल, ४१ ते ५९ नारिंगी, २१ ते ४० हिरवा, आणि २० पर्यंतच्यांसाठी पांढरा हा नवा रंग.

डहाणूतला सर्वात मोठा वाद मात्र रंगाबाहेर जाऊन सुटला, आणि ते खटकते. वाढवणचे बंदर हा तिथे न बसणारा उद्योग आहे, म्हणून प्राधिकरणाने १९९८ मध्ये ते नाकारले होते. २०२० मध्ये केंद्रीय मंडळाने बंदरांना लाल यादीतून काढून ‘बिगर-औद्योगिक’ गटात टाकले. ३१ जुलै २०२३ रोजी त्याच प्राधिकरणाने, धर्माधिकारींच्या पश्चात, ना हरकत दिली. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये बंदराची पायाभरणी झाली. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा विरोध तेव्हाही चालूच होता.