कुंपण ओलांडलेली घाणेरी

पावसाळा सरता सरता ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात गेलात, तर वाटेच्या कडेला पिवळ्या-गुलाबी फुलांचे गुच्छ दिसतात. कुणी या झुडपाला घाणेरी म्हणते, कुणी टणटणी. हिंदीत त्याला रायमुनिया असे गोड नाव आहे. कल्याण-डोंबिवलीच्या रोपवाटिकांत तेच झाड ‘लँटाना’ म्हणून कुंडीत मिळते. जंगलात तण आणि कुंडीत शोभा, असे का झाले?

आधी ओळख पटवू. खोड चौकोनी, त्यावर बारीक काटे. पाने समोरासमोर आणि खरखरीत. पान चुरगळले की उग्र वास येतो. मराठी नाव त्यावरूनच पडले. गुच्छाच्या मधली, नुकती उमललेली फुले पिवळी असतात, कडेची जुनी फुले केशरी-गुलाबी होत जातात. मध ताज्या पिवळ्या फुलांत असतो, म्हणून फुलपाखरे तिथेच बसतात. फळे आधी हिरवी, पिकल्यावर काळी-जांभळी.

हे झाड मूळचे अमेरिका खंडाच्या उष्ण भागातले. सतराव्या शतकात डचांनी ते ब्राझीलमधून युरोपात नेले. तिथल्या बागायतदारांनी रंगांच्या हौसेपायी त्याचे अनेक संकर केले. १७५३मध्ये लिनियसने त्याला ‘लँटाना कॅमारा’ हे शास्त्रीय नाव दिले. कोलकात्याजवळ शिबपूर येथे ईस्ट इंडिया कंपनीची वनस्पती बाग १७८७मध्ये सुरू झाली होती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे झुडूप शोभेसाठी तिथे आले आणि पुढे साहेबांच्या बंगल्यांभोवती कुंपण म्हणून लागले. कुंपणाला ते सोयीचे होते, कारण गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत. खाल्लेच तर त्यातल्या विषाने त्यांचे यकृत बिघडते.

हाच गुण पुढे जंगलाला महागात पडला. बुलबुलांसारखे पक्षी फळे खातात आणि बी दूरवर टाकतात. वरून तोडले तरी बुंध्यातून कोंब फुटतात, वणव्यानंतरही ते पुन्हा उभे राहते. त्याच्या दाट जाळीखाली गवत आणि इतर झाडांची रोपे तग धरत नाहीत. हौस बंगल्यांची होती. चारा, करवंदे आणि औषधी पाला यांसाठी रानावर विसंबणाऱ्या आदिवासी पाड्यांना मात्र तिची किंमत मोजावी लागते.

यावर ‘परकी झाडे हाकला’ असे म्हणणे सोपे आहे. पण मिरची, बटाटा, पेरू, सीताफळ हीसुद्धा अमेरिकेतूनच आली. मिरचीशिवाय मराठी स्वयंपाकघराची कल्पना करून पाहा! कोण कुठून आले यावरून झाडाची पारख होत नाही. ते शेजारच्यांना जगू देते का, हे पाहावे लागते. घाणेरी रानात जगू देत नाही, एवढाच तिच्यावरचा आरोप आहे आणि तो खरा आहे.

मग घरी लावावी का? गॅलरीत भरपूर ऊन असेल तर ती बेताच्या पाण्यावर फुलते. पावसाळ्यात फांदी खोचली तरी जगते. मात्र गुच्छ सुकताच कापून टाकावेत, फळ धरू देऊ नये. येऊरच्या पायथ्याशी किंवा घोडबंदर रस्त्याला जंगलालगत राहणाऱ्यांनी कुंपणाला कोरांटी लावलेली बरी. तीही काटेरी, फांदीवरून लागते आणि पावसाळ्यानंतर सुरेख फुलते.

रानातली घाणेरी काढायची तर नुसता कोयता चालवून उपयोग नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ सी. आर. बाबू यांनी दाखवलेली रीत अशी: जिथून कोंब फुटतात त्या भागाच्या खाली, जमिनीच्या आत मूळ तोडायचे आणि झुडूप उलटे करून वाळू द्यायचे. त्यानंतरही दोन-तीन पावसाळे तिथे उगवणारी रोपे उपटत राहावी लागतात.