बिंदुगुच्छ-दर्शन

संगणकीय नकाशावर परस्परांच्या अतिनिकट येणाऱ्या बिंदूंऐवजी त्यांची संख्या दर्शविणारे एकच चिन्ह योजण्याची पद्धती. विहिरी, अपघातस्थळे किंवा वृक्षगणनेतील झाडे यांच्या सहस्रावधी नोंदी लहान प्रमाणाच्या नकाशावर मांडल्या असता चिन्हांवर चिन्हे चढून खालचा तपशील झाकला जातो. हीच अडचण कागदी नकाशांनाही होती. लंडनमधील 1854 च्या पटकीच्या साथीचा नकाशा सिद्ध करताना जॉन स्नो यांनी एकाच ठिकाणचे मृत्यू काळ्या रेघा एकावर एक रचून दाखविले. गॅरी शर्मन यांनी 2002 मध्ये आरंभिलेल्या क्यूजीआयएस या मुक्त प्रणालीत बिंदुगुच्छाची सोय 2018 च्या 3.0 आवृत्तीपासून आहे. तीत वापरकर्त्याने मुक्रर केलेल्या अंतराच्या आत येणारे बिंदू एका गुच्छात गोळा होतात, एकाकी बिंदू मात्र आपले मूळ चिन्ह राखतो; आणि ते अंतर मिलिमीटरांत दिलेले असेल, तर नकाशा मोठा करीत जावे तसतसे गुच्छ फुटून सुटे बिंदू दृग्गोचर होतात. बिंदू गोळा न करता वर्तुळाकार वा जाळीच्या रूपात विखरून दाखविणारी पद्धतीही याच प्रणालीत आहे. गुच्छन केवळ दर्शनापुरते असून मूळ दप्तरातील एकाही नोंदीचे स्थान त्यामुळे बदलत नाही. सबब मोजदाद व अंतरमापन यांसाठी मूळ नोंदीच प्रमाण मानाव्यात.